विश्लेषण : नकली बदकांना खरी बदके का फसतात? अमेरिकेतील पाणथळींचे भवितव्य या शिकारीशी कसे जोडलेले?

हिवाळा सुरू झाला की अमेरिकेतील मोठी सरोवरे, खाड्या आणि नद्यांच्या मुखांवर पहाटेच्या अंधारात नकली बदके पाण्यात सोडली जातात. एकेका ठिकाणी पन्नास, कधी शंभराहून अधिक. त्यांना ‘डिकॉय’ म्हणतात. उजाडताच आकाशातून जाणारा खऱ्या बदकांचा थवा ही गर्दी पाहतो, वळतो, खाली येतो आणि बंदुकीच्या टप्प्यात सापडतो. ही शिकार तेथे कायदेशीर आहे. एवढेच नव्हे, तर लाखो एकर पाणथळ जमीन गेली नव्वद वर्षे याच शिकाऱ्यांच्या पैशांतून वाचवली गेली. आता मात्र पैसे देणाऱ्या शिकाऱ्यांची संख्या घटते आहे आणि २०२३ मधील सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालाने लहान पाणथळींचे कायदेशीर संरक्षण मोठ्या प्रमाणात काढून घेतले आहे. याचा पहिला फटका ज्यांना बसू शकतो त्यांत डिकॉयला सर्वांत सहज फसणारी, बुडी मारणारी बदके आहेत.

बुडी मारणारी बदके कोणती?

बदकांचे ढोबळमानाने दोन गट पडतात. एक गट उथळ पाण्यात डोके खाली, शेपटी वर करून चरतो. आपल्याकडचे तलवार बदक किंवा थापट्या या गटातले. दुसरा गट पूर्ण बुडी मारून तळाशी जातो आणि तिथले कंद, शिंपले, गोगलगायी खातो. उत्तर अमेरिकेत कॅनव्हासबॅक, रेडहेड, रिंगनेक आणि स्कॉपच्या दोन जाती ही या गटातली नेहमीची नावे.

बुडी मारण्यासाठी या बदकांचे पाय शरीराच्या बरेच मागे असतात. त्यामुळे पाण्याखाली ती तरबेज, पण जमिनीवर अवघडलेली असतात. साध्या बदकासारखी ती पाण्यावरून सरळ वर उसळी घेऊ शकत नाहीत. उडण्यासाठी पाण्यावर काही अंतर धावावे लागते. म्हणून त्यांना मोकळे, विस्तीर्ण पाणी लागते आणि काठावरच्या झुडपांपासून ती दूर राहतात. हजारोंच्या संख्येने एकत्र तरंगत बसण्याची त्यांची सवयही यातूनच आलेली.

ती डिकॉयला इतकी सहज का फसतात?

मोकळ्या पाण्यावर उडणाऱ्या थव्याला तळाशी काय आहे ते वरून दिसत नाही. खाणे कुठे आहे आणि धोका कुठे नाही, याची एकच खूण दुरून दिसते. ती म्हणजे आधीच बसलेली बदके. कॅनव्हासबॅक नराची पाठ जवळजवळ पांढरी असते. स्कॉपचा नर दोन्ही टोकांना काळा आणि मधे पांढरा. निळ्या-करड्या पाण्यावर हे काळे-पांढरे ठिपके फार लांबून नजरेत भरतात. शिकारी याच गोष्टीचा फायदा घेतात. डिकॉय फार रेखीव नसले तरी चालते, पण ते भरपूर हवेत आणि त्यांचा पांढरा रंग उठून दिसला पाहिजे.

मांडणीचेही शास्त्र आहे. एक लांब मुख्य दोर, त्याच्या दोन्ही टोकांना वजन आणि ठरावीक अंतरावर क्लिपने अडकवलेली बदके, अशा अनेक माळा टाकल्या जातात. बदक नेहमी वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने उतरते. म्हणून शिकारी शक्यतो वारा पाठीवर घेऊन बसतो आणि समोर माशाच्या गळासारख्या आकारात माळा सोडतो. गळाची लांब दांडी वाऱ्याच्या दिशेने दूरवर जाते. आलेला थवा त्या दांडीच्या कडेने, पाण्याला जवळजवळ घासत पुढे सरकतो आणि गळाच्या वाकात मुद्दाम ठेवलेल्या मोकळ्या जागेत उतरू पाहतो. ही जागा बंदुकीपासून तीस-पस्तीस मीटरच्या आत असेल अशी काळजी घेतलेली असते. शिकारी स्वतः काठावरच्या आडोशात किंवा ‘लेआउट बोट’ नावाच्या, पाण्याच्या पातळीला लागून असलेल्या चपट्या होडीत उताणा पडून असतो.

मॅलार्डसारखे उथळ पाण्यातले बदक उतरण्याआधी दोन-तीन घिरट्या घालते, जरा संशय आला की उंच निघून जाते. बुडी मारणारी बदके इतका विचार करत नाहीत. वेगाने, खालून, सरळ येतात. त्यातही पहिल्यांदाच स्थलांतर करणारी त्या वर्षीची पिल्ले अधिक सापडतात. डिकॉयवर मारलेल्या बदकांचे वजन अन्य मार्गांनी पकडलेल्या बदकांपेक्षा कमी असल्याचे अमेरिकी पक्षिशास्त्रज्ञांना एकाहून अधिक अभ्यासांत आढळले आहे. म्हणजे जे पक्षी भुकेले आहेत, ज्यांना खाद्याची जागा तातडीने हवी आहे, ते खोट्या गर्दीवर लवकर विश्वास ठेवतात. हा मुद्दा पुढे महत्त्वाचा ठरतो. पाणथळीतले खाद्य घटले तर डिकॉयची ताकद आपोआप वाढते.

ही युक्ती किती जुनी?

१९२४ मध्ये नेवाडा राज्यातील लव्हलॉक गुहेच्या उत्खननात गवताखाली दडवून ठेवलेली ११ नकली बदके सापडली. पाणकणसासारख्या लव्हाळ्याची मोळी वळून शरीर, वरून रंग आणि खरी पिसे. ती सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची असल्याचे मानले जाते आणि जगातील ज्ञात डिकॉयपैकी सर्वांत जुनी आहेत. आज वाळवंट असलेल्या त्या प्रदेशात तेव्हा दलदल होती. विशेष म्हणजे ही बदके कॅनव्हासबॅकची आहेत. मूळ रहिवाशांना कोणत्या जातीला फसवणे सोपे हे तेव्हाच कळलेले होते, असे म्हणायला हरकत नाही.

पुढे युरोपीय वसाहतींनी तीच कल्पना लाकडात उतरवली. मेरिलँडमधील क्रिसफिल्डचे लेम आणि स्टीव्ह वॉर्ड हे दोघे भाऊ व्यवसायाने न्हावी. गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात ते बदके कोरत आणि आज त्यांची नावे अमेरिकी लोककलेच्या इतिहासात आहेत. मॅसॅच्युसेट्सच्या एल्मर क्रोवेल यांनी कोरलेले दोन डिकॉय २००७ मध्ये प्रत्येकी ११ लाख ३० हजार डॉलरना विकले गेले. पाण्यात भिजवून, गोळ्यांचे छर्रे खाऊन घेण्यासाठी बनवलेल्या वस्तूला आलेली ही किंमत आहे.

फसवणुकीला कायद्याने वेसण कधी घातली?

एकोणिसाव्या शतकात पूर्व किनाऱ्यावरील चेसापीक उपसागर हे कॅनव्हासबॅकचे आगर होते. तिथल्या उथळ पाण्यात रानसेलरी नावाची पाणवनस्पती भरपूर होती आणि तिचे कंद खाऊन या बदकाचे मांस विशेष चविष्ट होई. (कॅनव्हासबॅकच्या शास्त्रीय नावातला दुसरा शब्द या वनस्पतीवरूनच आला आहे.) बाल्टिमोर, फिलाडेल्फिया, न्यूयॉर्कच्या हॉटेलांत त्याला मोठी मागणी होती आणि ती पुरवणारे धंदेवाईक शिकारी होते.

त्यांचे मुख्य साधन ‘सिंकबॉक्स’. शवपेटीसारखी एक पेटी, तिच्या चहूबाजूंनी पाण्यावर तरंगणारे लाकडी आणि कापडी पंख. शिकारी पेटीत उताणा झोपला की त्याचे शरीर पाण्याच्या पातळीच्या खाली जाई. पेटी पुरेशी खाली बसावी म्हणून पंखांवर बिडाची बदके ठेवत. ती वजनही देत आणि डिकॉयचेही काम करत. भोवती आणखी दोनशे, तीनशे, कधी पाचशे लाकडी बदके. वरून पाहणाऱ्या पक्ष्याला माणूस दिसण्याचा प्रश्नच नसे. सस्क्वेहॅना नदीच्या मुखाशी, हावर द ग्रेस गावाजवळ, अशा पेटीतून एका दिवसात शेकडो बदके मारली जात.

धंद्याला आळा बसला तो दोन कायद्यांनी. १९०० चा लेसी कायदा आणि कॅनडाशी १९१६ मध्ये झालेल्या करारानंतर आलेला १९१८ चा स्थलांतरित पक्षी करार कायदा. रानबदकांची बाजारातली विक्री बंद झाली. तरी शिकार सुरूच होती. १९३०च्या दशकातील भीषण दुष्काळात अमेरिकेच्या मध्य भागातील पाणथळी आटल्या, बदकांची संख्या कोसळली आणि १९३५ मध्ये सरकारने एकाच वेळी अनेक युक्त्यांवर बंदी घातली. सिंकबॉक्स बंद. जिवंत बदके पाण्यात बांधून त्यांच्या आवाजाने इतरांना बोलावणे बंद. धान्य टाकून पक्षी जमवणे बंद. बंदुकीत एका वेळी तीनपेक्षा जास्त काडतुसे नकोत. पुढे ध्वनिमुद्रित आवाज वाजवण्यावरही बंदी आली.

या यादीत एक गोष्ट लक्षात येण्यासारखी आहे. कायद्याने मारण्याला मनाई केली नाही. पक्ष्याला किती फसवायचे याची मर्यादा ठरवली. निर्जीव डिकॉय आणि माणसाने तोंडाने फुंकलेली शिट्टी एवढीच फसवणूक मान्य राहिली. ही रेषा अजूनही वादातीत नाही. बॅटरीवर पंख फिरवणारे डिकॉय गेल्या पंचवीस वर्षांत सर्रास वापरात आले. कॅलिफोर्नियात हंगामाच्या पहिल्या टप्प्यात ते वापरता येत नाहीत, तर अनेक राज्यांत त्यांच्यावर कोणतेही बंधन नाही.

शिशाच्या छर्ऱ्यांचा प्रश्न काय होता?

गोळी लागून मरणाऱ्या बदकांशिवाय आणखी एक मोठा आकडा बराच काळ हिशेबात नव्हता. बंदुकीतून उडालेले बहुतेक छर्रे पाण्यात पडतात. बदके अन्न दळण्यासाठी वाळूचे खडे गिळतात आणि त्यांच्याबरोबर शिशाचे छर्रेही. तळाशी चरणाऱ्या, बुडी मारणाऱ्या बदकांना हा धोका अधिक. बंदीपूर्वी अमेरिकेत दरवर्षी अंदाजे १६ ते २४ लाख पाणपक्षी शिशाच्या विषबाधेने मरत असावेत, असा अंदाज होता. १९९१ पासून पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाच्या छर्ऱ्यांना देशभर बंदी आहे. पोलाद किंवा बिस्मथ वापरावे लागते. या निर्णयाला शिकारी संघटनांमधूनच जोरदार विरोध झाला होता. युरोपीय संघात पाणथळींमध्ये शिशाच्या छर्ऱ्यांवरील बंदी फेब्रुवारी २०२३ पासून लागू झाली.

शिकारीच्या पैशांवर पाणथळी कशा वाचल्या?

१९३४ मध्ये अमेरिकी सरकारने ‘डक स्टँप’ काढले. टपाल तिकिटासारखे दिसणारे, एक डॉलर किमतीचे. पहिले चित्र काढले जे. एन. ‘डिंग’ डार्लिंग या वृत्तपत्रीय व्यंगचित्रकाराने, जो तेव्हा वन्यजीव खात्याचा प्रमुखही होता. (राजकीय व्यंगचित्रकाराला खात्याचे प्रमुखपद देण्याची ही तऱ्हा आज कुठेही दुर्मीळच.) सोळा वर्षांवरील प्रत्येक पाणपक्षी-शिकाऱ्याला हे तिकीट घ्यावेच लागते. आज त्याची किंमत २५ डॉलर आहे आणि त्यातील ९८ टक्के रक्कम थेट पाणथळ जमीन विकत घेण्यासाठी किंवा भाडेकराराने राखण्यासाठी जाते. आतापर्यंत एक अब्ज डॉलरहून अधिक रक्कम यातून उभी राहिली आणि सुमारे ६० लाख एकर अधिवास सुरक्षित झाला. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानुसार लांब नळीच्या बंदुका आणि काडतुसांवरील ११ टक्के कर राज्यांच्या वन्यजीव विभागांना मिळतो, तो वेगळा.

ही व्यवस्था नैतिकदृष्ट्या अनेकांना खटकते. प्राणीहक्क संघटना तिला उघड विरोध करतात. पण सरकारी अंदाजपत्रकात दरवर्षी झगडावे न लागता नव्वद वर्षे सलग पैसा देणारी अशी दुसरी व्यवस्था पाणथळींसाठी उभी राहिलेली नाही, हेही खरे.

अडचण अशी की तिचा पाया आक्रसतो आहे. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला वर्षाला सुमारे २४ लाख तिकिटे विकली जात. अलीकडे हा आकडा १५ लाखांच्या आसपास आहे. अमेरिकेची लोकसंख्या या काळात दीडपटीहून अधिक झाली. जुनी पिढी बंदूक ठेवून देते आणि नवी पिढी शहरात राहते. डिसेंबर २०२३ मध्ये मंजूर झालेल्या कायद्याने मोबाइलवरील ई-तिकीट संपूर्ण हंगामासाठी ग्राह्य धरले. त्याने खरेदी सोपी झाली, पण खरेदीदार वाढवणे त्याच्या आवाक्यातले नाही. पक्षिनिरीक्षकांनीही हे तिकीट घ्यावे, असे आवाहन वारंवार केले जाते. ते घेणे त्यांच्यावर बंधनकारक नाही.

मग बदकांना खरा धोका कशाचा?

बंदुकीचा धोका बऱ्याच अंशी आकड्यांनी बांधलेला आहे. १९५५ पासून दर वसंतात विमानातून बदकांची गणना होते आणि तिच्या आधारे दिवसाला किती पक्षी मारता येतील हे ठरते. साधारणपणे दिवसाला एकूण सहा बदके, पण स्कॉप मात्र दोनच, काही भागांत हंगामातील ठरावीक दिवस फक्त एक. कॅनव्हासबॅकची संख्या घसरली तेव्हा २००८ च्या हंगामात त्याची शिकार देशभर पूर्ण बंद होती.

तरीही स्कॉपची कथा समाधानकारक नाही. १९८६ च्या उत्तर अमेरिकी पाणपक्षी आराखड्यात ६३ लाख स्कॉपचे उद्दिष्ट होते. २००६ मध्ये गणना सुमारे ३२ लाखांवर आली आणि गेल्या काही वर्षांत ती ४० लाखांच्या आसपास किंवा त्याखालीच घुटमळते आहे. शिकार कमी करूनही संख्या पुरेशी वाढत नाही, याचा अर्थ दुखणे बंदुकीबाहेर आहे.

चेसापीकचे उदाहरण त्यासाठी पुरेसे बोलके आहे. शेतीतील खते आणि शहरांतील सांडपाण्याने पाणी गढूळ झाले, १९७२ च्या ॲग्नेस वादळाने उरलेली पाणवनस्पती गाळाखाली गाडली. रानसेलरी गेली. १९५०च्या दशकात तिथे हिवाळ्यात सुमारे अडीच लाख कॅनव्हासबॅक येत. काही दशकांत ते सुमारे पन्नास हजारांवर आले. जे आले ते कंदांऐवजी लहान शिंपल्यांवर जगू लागले. सिंकबॉक्सने इतके नुकसान कदाचित केले नसेल.

आता चिंता प्रजननाच्या प्रदेशाची आहे. डकोटा, मिनेसोटा, मोंटाना ते कॅनडातील सस्कॅचेवानपर्यंत पसरलेल्या गवताळ भागात हिमनद्या वितळताना राहिलेले लाखो छोटे खळगे आहेत. त्यांना ‘प्रेअरी पॉटहोल’ म्हणतात. नाव ऐकून आपल्याला रस्ते आठवतील, पण उत्तर अमेरिकेतील बदकांची मोठी संख्या याच खळग्यांत जन्मते. कॅनव्हासबॅक आणि रेडहेड तर तिथल्या पाणवेतांत, पाण्यावरच घरटी बांधतात. खळगा आटला की घरटे नाही.

मे २०२३ मध्ये ‘सॅकेट विरुद्ध ईपीए’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, नदी-सरोवरांशी पृष्ठभागावरून सलग जोडलेल्या पाणथळींनाच संघराज्याच्या शुद्ध जल कायद्याचे संरक्षण मिळेल. पॉटहोल हे स्वभावतःच सुटे, एकाकी. त्यामुळे त्यांतील बहुसंख्य या कायद्याबाहेर गेले. पाणथळ बुजवणाऱ्या शेतकऱ्याची सरकारी अनुदाने थांबवणारी १९८५ ची तरतूद अजून आहे, पण अनुदान न घेणाऱ्याला ती लागू होत नाही. निकालापूर्वीचे चित्रही चांगले नव्हते. अमेरिकी वन्यजीव खात्याच्या २०२४ मधील अहवालानुसार २००९ ते २०१९ या काळात देशाने २ लाख २१ हजार एकर पाणथळ जमीन गमावली आणि गमावण्याचा वेग आधीच्या काळापेक्षा ५० टक्क्यांनी वाढला होता. कायद्याचे संरक्षण गेल्यावर उरतो तो जमीन विकत किंवा कराराने घेण्याचा मार्ग. आणि त्याचा पैसा कुठून येतो, ते वर आलेच आहे.

महाराष्ट्राचा याच्याशी काय संबंध?

कॅनव्हासबॅक आणि स्कॉपचे सख्खे नातलग दर हिवाळ्यात उजनी, जायकवाडी, नांदूरमधमेश्वर येथे उतरतात. लालसरी आणि शेंडी बदक ही दोन्ही त्याच ‘अयथिया’ प्रजातीची, बुडी मारणारी. भारतातही बदकांना फसवण्याची जुनी रीत होती. तलावात रिकामी मडकी तरंगत सोडायची, पक्षी त्यांना सरावले की भोके पाडलेले मडके डोक्यावर घालून गळ्याइतक्या पाण्यात हळूहळू सरकायचे आणि बदकाचे पाय खालून धरायचे. भरतपूरला संस्थानी थाटाच्या शिकारी झाल्या. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या मेळाव्यात एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतरही परवान्याने काही शिकारीला वाव होता. १९९१ च्या दुरुस्तीने तो संपला. म्हणजे भारताने अमेरिकेच्या उलट मार्ग निवडला. इथे बदक मारता येत नाही आणि मारण्याच्या परवान्यातून पाणथळीला पैसाही मिळत नाही. नांदूरमधमेश्वरला रामसर स्थळाचा दर्जा मिळालेला आहे. उजनी आणि जायकवाडी ही मुळात धरणे आहेत. तिथे किती पाणी कधी ठेवायचे याचा निर्णय सिंचन, कारखाने आणि शहरांची गरज पाहून होतो.

लालसरी २०१५ पासून जागतिक पातळीवर ‘असुरक्षित’ जातींच्या यादीत आहे. महाराष्ट्रात तिच्यावर बंदूक रोखणे गुन्हा असला, तरी ती ज्या मध्य आशियाई आणि रशियन प्रदेशांतून येते, तिथे पाणपक्ष्यांची शिकार आजही कायदेशीर आहे.